चंद्रावरची पृथ्वी कुठे काढायची? अवकाश संशोधनातील चित्रकाराच्या कामाविषयी

कला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की अवकाश संशोधनात कलेला खरोखर काही काम असते, की शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी केलेल्या कामाला प्रसिद्धीसाठी दिलेला तो रंगाचा हात असतो. आणि आता यानांवर इतके चांगले कॅमेरे असताना ग्रह-उपग्रहांची चित्रे हाताने काढणाऱ्याची गरज तरी उरली आहे का. मी बरीच वर्षे विज्ञानविषयक मासिकांसाठी आणि तारांगणांच्या कार्यक्रमांसाठी अशी चित्रे काढत आलो आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

अवकाशातून येणारी माहिती नेहमी अपुरी असते, हे आधी ध्यानात घ्यावे. कधी ती आकड्यांची रांग असते, कधी प्रकाशाच्या आलेखातला एक खळगा, कधी तीन वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेल्या तीन कृष्णधवल प्रतिमा. त्या माहितीवरून ‘तिथे काय आहे’ असे म्हणण्यापर्यंत जे अंतर कापावे लागते, त्यात कुणाला तरी निर्णय घ्यावे लागतात : उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हा डाग म्हणजे खड्डा की उंचवटा, हा रंग धरायचा की तो. हे निर्णय चित्रकाराच्या रोजच्या कामातले आहेत, मग ते घेणाऱ्याच्या हुद्द्यात ‘चित्रकार’ हा शब्द असो वा नसो. आणि ते निर्णय चुकतात तेव्हा काय होते, हेही या नात्यात तितकेच महत्त्वाचे आहे.

याचे सर्वांत जुने उदाहरण 1609 सालचे आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि कागदावर उतरवला. त्याच्या चित्रात उजेड आणि अंधार यांच्या मधली एक खडबडीत रेघ आणि काही अस्पष्ट डाग आहेत. काही महिन्यांनी इटलीत गॅलिलिओने तोच चंद्र पाहिला आणि तपकिरी जलरंगाच्या पातळ थरांनी रंगवला. त्याच्या चित्रांत डोंगर आहेत, खळगे आहेत, खळग्याची एक कड उजळ तर समोरची काळी आहे. गॅलिलिओची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती, हा भाग आहेच. पण सॅम्युअल एजर्टन या कलेतिहासकाराने दाखवून दिले आहे की केवळ भिंगांवर हा फरक उलगडत नाही. गॅलिलिओ फ्लॉरेन्सच्या वातावरणात वाढला होता, तिथे यथादर्शन (सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याची रीत) आणि छायाप्रकाश हे शिक्षणाचा भाग होते, आणि गोल पृष्ठभागावरच्या उंचवट्याची सावली कशी पडते हे त्याच्या डोळ्याला ठाऊक होते. चंद्राच्या अंधाऱ्या भागात सुटे उजळ ठिपके दिसतात आणि काही तासांत ते मोठे होत उजळ भागाला जाऊन मिळतात, हे पाहून त्याने ती सूर्योदयाची पहिली किरणे झेलणारी शिखरे असल्याचे ओळखले आणि त्या ठिपक्यांच्या अंतरावरून शिखरांची उंचीही काढली. 1610 मध्ये त्याचे पुस्तक व्हेनिसमध्ये छापले गेले, आणि त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चंद्राच्या चित्रांतही विवरे दिसू लागली. गॅलिलिओला 1613 मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीचे सदस्यत्व मिळाले. त्याचा चित्रकार मित्र चिगोली याने तर रोमच्या सांता मारिया मॅज्योरे या चर्चच्या घुमटात मेरीच्या पायाखाली गुळगुळीत चंद्राऐवजी विवरांनी भरलेला चंद्र रंगवून टाकला. मात्र गॅलिलिओच्या छापील चित्रांत एक विवर प्रत्यक्षापेक्षा बरेच मोठे काढलेले आहे. त्याला वाचकाला काहीतरी ठळकपणे पटवायचे होते, आणि हा मोह आमच्या व्यवसायात तेव्हापासून आहे.

या मोहाची पुरती कथा चंद्राच्या डोंगरांची आहे आणि ती मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. 1874 मध्ये जेम्स नॅस्मिथ याने, म्हणजे वाफेच्या हातोड्यामुळे प्रसिद्ध झालेल्या अभियंत्याने, चंद्राच्या पृष्ठभागाच्या प्लास्टरच्या प्रतिकृती केल्या, त्या उन्हात ठेवून त्यांची छायाचित्रे काढली आणि जेम्स कार्पेंटर या खगोलशास्त्रज्ञाबरोबर ती प्रसिद्ध केली. डोंगर सुळक्यांसारखे, कडे उभे. तर्क वरवर पाहता बिनचूक होता : चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, म्हणजे झीज नाही, म्हणजे कडा धारदार राहणार. शिवाय दुर्बिणीतून दिसणाऱ्या लांबच लांब टोकदार सावल्या त्याला पुष्टी देत होत्या. उन्हे कलती असताना बुटक्या टेकडीचीही सावली लांब आणि टोकदार पडते, ही गोष्ट त्या उत्साहात मागे पडली.

पुढे अमेरिकेत चेस्ली बोनस्टेल आला. तो मुळात वास्तुविशारदांकडे काम करणारा. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीच्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या कामात त्याचा हात होता, आणि नंतर हॉलिवुडमध्ये चित्रपटांच्या पार्श्वभूमी रंगवून त्याने छायाचित्रासारखा भास निर्माण करण्याचे तंत्र आत्मसात केले होते. 1944 मध्ये ‘लाइफ’ मासिकात शनीच्या निरनिराळ्या उपग्रहांवरून शनी कसा दिसेल याची त्याची चित्रे आली. 1952 ते 1954 या काळात ‘कॉलिअर्स’ मासिकातल्या लेखमालेत वेर्नर फॉन ब्राउन या रॉकेट-अभियंत्याच्या योजनांना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रूप दिले : चाकासारखे फिरणारे अंतराळस्थानक, चंद्रावर उतरणारी याने, मंगळाची मोहीम. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडायला तेव्हा अजून काही वर्षे होती. सामान्य अमेरिकन वाचकाला अंतराळप्रवास ही करता येण्याजोगी गोष्ट वाटू लागली ती या चित्रांनी, असे मानणारे इतिहासकार बरेच आहेत आणि मला ते पटते. फॉन ब्राउन स्वतः सांगत असे की त्याने पाठवलेली यानांची रेखाटने बोनस्टेलकडून नेमक्या शंकांसह आणि खरमरीत टीकेसह परत येत. आराखडा कागदावर चालून जातो, पण तीच वस्तू तीन मितींत, एका विशिष्ट कोनातून, एका विशिष्ट उजेडात दाखवायची म्हटली की हा खांब कुठे टेकतो आणि ही टाकी दाराच्या आड येते का, हे प्रश्न टाळता येत नाहीत. अभियंत्यांबरोबर बसून काम केलेल्या कोणत्याही चित्रकाराला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

पण बोनस्टेलचा चंद्र नॅस्मिथच्याच घराण्यातला होता. 1957 मध्ये बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी त्याने सुमारे 40 फूट लांबीचे चंद्रभूमीचे भित्तिचित्र केले. सुळके, कडे, खोल दऱ्या, सगळे काही त्यात होते. अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर उतरले आणि त्यांच्या छायाचित्रांत मऊ उतारांच्या, गोलसर माथ्यांच्या टेकड्या दिसल्या. हवा नसली तरी झीज होते. अब्जावधी वर्षे पडणाऱ्या सूक्ष्म उल्कांनी कडा झिजवून सगळ्यावर भुकटी पसरवून ठेवली आहे. 1970 मध्ये ते भित्तिचित्र उतरवले गेले. नंतर ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे गेले. गंमत अशी की ल्युसियाँ रूदो या फ्रेंच चित्रकाराने, जो स्वतः निरीक्षकही होता, चंद्राच्या गोलसर टेकड्या 1930 च्या दशकातच रंगवलेल्या होत्या. त्याने सावल्यांच्या मागे न लागता चंद्रबिंबाची कड नीट पाहिली, कारण कडेवर डोंगर आपल्याला बाजूने दिसतात आणि त्यांचा खरा उठाव कळतो. त्याची चित्रे बोनस्टेलच्या मानाने मिळमिळीत वाटतात, आणि म्हणूनच बहुधा लोकांच्या लक्षात राहिली नाहीत.

चंद्रावर हवा नसण्याचा आणखी एक परिणाम चित्रकाराला थेट भिडतो. निसर्गचित्रात दूरचा डोंगर आपण फिका आणि निळसर करतो. सह्याद्रीत रांगेमागून रांग अशी अंतरे आपल्याला हवेमुळेच कळतात. चंद्रावर ही खूण नाही, झाड नाही, घर नाही. जवळचा धोंडा आणि दूरची टेकडी सारख्याच स्पष्ट दिसतात. फेब्रुवारी 1971 मध्ये अपोलो 14 चे शेपर्ड आणि मिचेल कोन विवराच्या कडेकडे निघाले, पण कड नेमकी कुठे आहे हे त्यांना शेवटपर्यंत उमगेना आणि वेळ संपल्यामुळे ते परत फिरले. ते कडेपासून जेमतेम 30 मीटरांवर पोहोचले होते, असे नंतर छायाचित्रांवरून दिसून आले. चंद्रभूमीच्या चित्रात अंतर दाखवायचे तर फिकेपणाचा आधार सोडून धोंड्यांचे आकार, पावलांच्या ठशांची घटत जाणारी रुंदी आणि जवळ आलेले क्षितिज यांवर भिस्त ठेवावी लागते.

आता कॅमेऱ्यांकडे वळतो, कारण प्रश्नाचा दुसरा भाग त्यांच्याविषयी आहे. कॅमेरा आला की हात सुटतो, असा समज असतो. 1965 च्या जुलैमध्ये अमेरिकेचे मरिनर 4 यान मंगळाजवळून गेले आणि त्याने टिपलेल्या 22 प्रतिमा फितीवर साठवून पृथ्वीकडे पाठवायला घेतल्या. एका प्रतिमेत 200 ओळी, प्रत्येक ओळीत 200 बिंदू, प्रत्येक बिंदूची प्रखरता 0 ते 63 मधला एक आकडा. आणि पाठवण्याचा वेग सेकंदाला सुमारे आठ बिट. एक प्रतिमा पुरी यायला आठ तासांहून अधिक लागत. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत अभियंत्यांना चिंता होती की फीत नीट चालली की नाही, आणि संगणकाने केलेली प्रतिमा हाती येईपर्यंत थांबण्याचा त्यांना धीर नव्हता. मग रिचर्ड ग्रम याने आकडे छापलेल्या अरुंद कागदी पट्ट्या एका फळीवर शेजारी-शेजारी लावल्या, पेस्टलचे खडू विकत आणवले आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवून एकेक चौकोन रंगवायला घेतला. उद्देश मंगळाचा रंग दाखवण्याचा नव्हता. गडद-फिके कळावे एवढाच होता. पण निवडलेले रंग पिवळे, तपकिरी आणि तांबूस असे निघाले, आणि जवळून पाठवलेले मंगळाचे पहिले दूरचित्र लोकांनी पाहिले ते हाताने रंगवलेले. ते चित्र आजही त्या प्रयोगशाळेत जपून ठेवले आहे. जवळून पाहिले तर खडूच्या फराट्यांखालून आकडे दिसतात.

बारा वर्षांच्या आत रंगाचाच प्रश्न ऐरणीवर आला. 20 जुलै 1976 रोजी व्हायकिंग 1 मंगळावर उतरले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या रंगीत छायाचित्राची जी आवृत्ती प्रसिद्ध झाली तिच्यात आकाश फिकट निळे होते. कॅमेऱ्याने लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे आकडे वेगवेगळे पाठवले होते. ते कोणत्या प्रमाणात मिसळायचे हे पृथ्वीवर बसलेल्या माणसांनी ठरवले, आणि माणसांना आकाश निळे असण्याची सवय आहे. यानावर लावलेल्या रंगपट्ट्यांशी ताळा केल्यावर लक्षात आले की मंगळाचे आकाश धुळीमुळे गुलाबीसर-तांबूस आहे. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी चक्क नाराजीचा सूर काढला.

तेव्हापासून रंगपट्टी ही मंगळावरच्या यानाची अत्यावश्यक वस्तू मानली जाते, आणि तिच्या निमित्ताने कला थेट मंगळावर गेली. 2003 च्या डिसेंबरमध्ये उतरलेल्या ब्रिटिश बीगल 2 यानावर डेमियन हर्स्ट या कलावंताने केलेले रंगीत ठिपक्यांचे छोटेसे चित्र होते. कॅमेऱ्याने आधी त्याच्याकडे पाहून आपले रंग जुळवायचे होते. यानाकडून संदेश आलाच नाही. 2015 मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाच्या छायाचित्रांत ते सापडले. सौरपट्ट्या बहुधा पूर्ण उघडल्या नव्हत्या, त्यामुळे अँटेना झाकलेलीच राहिली होती. 2004 मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या बग्ग्यांवर मात्र रंगपट्टीलाच सूर्यघड्याळाचे रूप दिले होते. मधल्या काठीची सावली वेळ दाखवी आणि भोवतालच्या राखाडी वर्तुळांवरून व कोपऱ्यांतल्या रंगांवरून छायाचित्रांचे रंग जुळवले जात. उपयोग आणि सौंदर्य यांत भिंत नसलेली अशी वस्तू घडवणे हे मला भल्या मोठ्या शिल्पापेक्षा अवघड वाटते.

हबल अवकाश-दुर्बिणीच्या चित्रांविषयी मला नेहमी विचारले जाते की ‘ते रंग खरे असतात का’. 1 एप्रिल 1995 रोजी टिपलेले गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या स्तंभांचे चित्र घ्या. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजनचा तो प्रकाश सुमारे 656 नॅनोमीटरचा, गंधकाचा सुमारे 672 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला दोन्ही लालच. आणि ऑक्सिजनचा 501 नॅनोमीटरचा, हिरवट. डोळ्याशी इमान राखले असते तर दोन वायू एकमेकांत मिसळून गेले असते आणि चित्रातून कळण्यासारखे फारसे उरले नसते. रंगांचा क्रम तरंगलांबीच्या क्रमाने लावला आहे, हे त्यातले प्रामाणिकपण. जेम्स वेब दुर्बिणीची अवरक्त चित्रेही याच शिस्तीने रंगवली जातात : लांब तरंग लालकडे, आखूड तरंग निळ्याकडे. पण स्तंभ उभे दिसतील असे चित्र फिरवणे आणि मागून उजेड आल्याचा परिणाम खुलवणे हे निर्णय निसर्गचित्रकाराचे आहेत. एलिझाबेथ केसलर या कलेतिहासकार बाईंनी या चित्रांचे नाते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पश्चिमेच्या भव्य निसर्गचित्रांशी जोडले आहे. त्या परंपरेतल्या टॉमस मोरान याने 1871 च्या यलोस्टोन मोहिमेत केलेली चित्रे पुढच्या वर्षी ते राष्ट्रीय उद्यान जाहीर होण्यास साहाय्यभूत ठरली होती. दुर्बिणीसाठी पैसा मंजूर करणाऱ्यांपुढेही अशी चित्रे असतातच. याला ढोंग म्हणणे मला अन्यायाचे वाटते, पण रंगांची किल्ली चित्राखाली न छापणे हा निष्काळजीपणा आहे आणि आपल्याकडची वर्तमानपत्रे तो सर्रास करतात.

कॅमेरा पोहोचूच शकत नाही, अशी ठिकाणे आहेतच. 1979 मध्ये फ्रेंच खगोलभौतिकीतज्ज्ञ झाँ-पिएर ल्युमिने याने कृष्णविवराभोवती फिरणारी वायूची तबकडी दुरून कशी दिसेल याचे गणित छिद्रित पत्रे वाचणाऱ्या जुन्या संगणकावर केले. हाती आले ते आकडे. त्या यंत्राला चित्र काढता येत नव्हते. मग त्याने काळ्या शाईने कागदावर हाताने ठिपके दिले, जिथे प्रकाश अधिक तिथे ठिपके दाट, आणि मग त्याची उलटी प्रत काढली, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा उजेड आला. तबकडीची मागची बाजू वाकलेल्या प्रकाशामुळे कृष्णविवराच्या वर उचललेली दिसते आणि आपल्याकडे येणारी बाजू अधिक उजळ असते, हे दोन्ही त्यात आहे. 10 एप्रिल 2019 रोजी एम 87 दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराची प्रतिमा जाहीर झाली, तिच्यातले वलयही एका बाजूला अधिक उजळ होते. तो नारिंगी रंग मात्र निवडलेला आहे. ती प्रतिमा 1.3 मिलिमीटर लांबीच्या रेडिओ तरंगांची आहे आणि त्यांना डोळ्यापुरता रंगच नसतो.

परग्रहांच्या, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या, चित्रांबाबत माझे मत कडक आहे. 22 फेब्रुवारी 2017 रोजी ट्रॅपिस्ट-1 या सुमारे 40 प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांची बातमी आली, तेव्हा जगभर जी चित्रे छापली गेली त्यांत समुद्र, हिमटोप्या आणि ढग होते. मोजलेले एवढेच होते की ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती घटतो आणि किती वेळाने. त्यावरून आकार आणि कक्षा कळतात, आणि ग्रहांच्या परस्परांवरील ओढीमुळे वस्तुमानाचा अंदाज. पाणी कळत नाही. चित्रे करणारे रॉबर्ट हर्ट आणि टिम पाइल हे आपल्या कामात वाकबगार आहेत, त्यांनी शास्त्रज्ञांशी चर्चा करूनच ती केली आणि ‘कल्पनाचित्र’ असे लिहिलेही होते. पण तो शब्द पुढच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 उतरल्यानंतर प्रज्ञान बग्गीच्या चाकांनी चंद्राच्या मातीत अशोकस्तंभ आणि इस्रोचे चिन्ह उमटवल्याचे एक सुबक ‘छायाचित्र’ घरोघरच्या व्हॉट्सॲपवर फिरले. चाकांवर ती चिन्हे होती हे खरे. चित्र मात्र एका तरुण कलावंताने संगणकावर केलेली कल्पना होती. उतरण्याच्या संध्याकाळी थेट प्रक्षेपणात त्याचा विक्रम हा अवतरक उतरताना आपण सर्वांनी जे पाहिले तेही संगणकाने रेखाटलेले होते, पण त्यामागचे उंचीचे आणि वेगाचे आकडे यानाकडून येत होते. यानाच्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये नंतर प्रसिद्ध झाली. पहिल्यात आकड्यांचा काही आधार नव्हता आणि दुसऱ्यात होता, हा भेद पाहणाऱ्याला चित्रावरूनच कळायला हवा, आणि तो कळेल अशी सोय करणे चित्रकाराच्या हातात आहे.

चित्रांपलीकडेही नाती आहेत, ती थोडक्यात सांगतो. कोर्यो मिउरा या जपानी अभियंत्याने कागदाच्या घड्यांच्या अभ्यासातून शोधलेली घडी 1995 मध्ये जपानच्या एका उपग्रहावरील सौरपट्ट्यासाठी वापरली गेली. अमेरिकेच्या नासाने 1962 पासून चित्रकारांना उड्डाणांच्या जागी बोलावून हवे ते काढण्याची मुभा दिली. 16 जुलै 1969 च्या पहाटे अपोलो 11 चे तिघे पोशाख चढवत असताना पॉल कॅल हा एकटा चित्रकार तिथे रेखाटने करत होता. भारतात तसा उपक्रम मला ठाऊक नाही, पण आपल्या दोन रुपयांच्या जुन्या नोटेवर आर्यभट उपग्रह आणि 2016 च्या दोन हजारांच्या नोटेवर मंगळयान होते, म्हणजे अवकाशचित्र आपल्या खिशात येऊन गेले आहे.

अंतराळवीरांतही चित्रकार होते. 18 मार्च 1965 रोजी यानाबाहेर पडणारा पहिला माणूस ठरलेल्या अलेक्सेई लिओनोवने त्याच उड्डाणात दोऱ्यांनी बांधलेल्या रंगीत पेन्सिलींनी कक्षेतला सूर्योदय काढला. वातावरणाच्या पातळ थरातली रंगांची क्रमवारी त्याने पट्ट्यापट्ट्यांनी नोंदवली आहे, आणि त्या काळच्या फिल्मला ती इतक्या नेमकेपणाने पकडणे कठीण होते. अपोलो 12 चा ॲलन बीन चंद्रावर चालून आला आणि 1981 मध्ये नासा सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला. रंगाच्या जाड थरावर तो भूगर्भ-हातोडीने आणि चांद्रबुटाच्या ठशाने पोत उमटवी, आणि आपल्या पोशाखावरच्या बिल्ल्यांना चिकटलेली चंद्राची धूळ त्यात मिसळी. चंद्र राखाडी आहे हे पाहून आलेल्या माणसाने तो जांभळा आणि सोनेरी रंगवला. मला त्यात वावगे दिसत नाही, कारण तो काय सांगतो आहे याविषयी त्याने कुणालाही अंधारात ठेवले नाही.

आणि संगीत. 1977 मध्ये गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यावर 55 भाषांतले अभिवादन आहे, त्यात मराठीही आहे. आणि निवडक संगीतात भैरवीतले ‘जात कहाँ हो’ आहे, गोव्यातल्या केरी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकर यांनी गायलेले, साडेतीन मिनिटांचे. व्हॉयेजर 1 हे 5 सप्टेंबरला उडाले आणि केसरबाई 16 सप्टेंबरला गेल्या. या तबकडीचा वैज्ञानिक उपयोग शून्य आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. तरीही त्या मोहिमेची आठवण निघाली की सर्वसामान्य माणूस आधी तिच्याविषयी बोलतो.

विद्यार्थिनीने शेवटी विचारले आहे की सुरुवात कशी करावी. एक काम सांगतो. चंद्रयान-3 उतरले त्या क्षणी विक्रमशेजारी उभे राहून दिसणारे दृश्य काढून पाहावे. जागा 69 अंश दक्षिण अक्षांश आणि 32 अंश पूर्व रेखांशाच्या आसपास. तिथे नुकतीच सकाळ झालेली, सूर्य दहा अंशांहूनही खाली, म्हणजे सावल्या वस्तूच्या उंचीच्या पाचपटींहून लांब, आणि त्या पश्चिमेकडे झुकलेल्या. आकाश दिवसाही काळे, पण छायाचित्रासारखे काढायचे तर उजळ मातीमुळे तारे दिसणार नाहीत. पृथ्वी बहुतेक वृत्तपत्रीय चित्रांत डोक्यावर टांगलेली होती. प्रत्यक्षात ती उत्तर आणि वायव्य यांच्या मध्ये, क्षितिजापासून जेमतेम 17 अंशांवर असते, चंद्राच्या डुलण्यामुळे काही अंश वरखाली होते आणि कधी मावळत नाही. तिचा व्यास आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या सुमारे पावणेचार पट. त्या दिवशी आपल्याकडे चंद्र जवळपास अर्धा होता, म्हणून तिथून पृथ्वीही अर्ध्याहून किंचित अधिक उजळलेली; उत्तरेकडे तोंड केले की सूर्य उजवीकडे, म्हणून उजळ भाग उजवीकडे; आणि पाहणारा दक्षिण गोलार्धात असल्यामुळे पृथ्वीचा दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला. हे सगळे शाळेच्या भूमितीने आणि ‘स्टेलॅरियम’ या मोफत संगणकप्रणालीने तपासता येते. चांद्रभूमीचा पोत पाहण्यासाठी चंद्रयान-2 ची छायाचित्रे इस्रोने सर्वांना खुली केली आहेत, आणि तिच्या उच्च विभेदन कॅमेऱ्याच्या प्रतिमांत लहान धोंडेही ओळखू येतात. चित्र झाल्यावर त्याच्या मागे दोन रकाने आखून एकात मोजलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात आपण ठरवलेल्या गोष्टी लिहाव्यात, आणि चित्र छापायला देताना दुसऱ्या रकान्यातल्या मोठ्या दोन-तीन गोष्टी चित्राच्या चौकटीच्या आतच, कापता येणार नाहीत अशा जागी, बारीक अक्षरांत घालाव्यात.